हौशी नटसंच आणि दिग्दर्शकाचा अधिकार

व्यावसायिक रंगभूमीवर दिग्दर्शकाच्या अधिकाराला व्यवहाराचा आधार असतो. नटाला प्रयोगाचे मानधन मिळते आणि तालमी चुकविणाऱ्याची भूमिका दुसऱ्याकडे सोपविता येते. हौशी रंगभूमीवर हा आधार नाही. कचेरी, शाळा वा दवाखाना आटोपून संध्याकाळी तालमीला येणारा नट स्वतःचा वेळ देत असतो आणि तो काढून घेण्याची मुभाही त्याच्याकडेच असते. तेथील दिग्दर्शकाचा अधिकार हा एका अर्थी नटांनी उसना दिलेला अधिकार होय. तो वापरलाच नाही तर नाटक उभे राहत नाही. अतिरेकाने वापरला तर संच मोडतो. या पेचावर सहसा एक तोडगा सुचविला जातो: तालमीत गुरू, तालमीबाहेर मित्र. हा तोडगा वाटतो तितका निर्दोष नाही.

त्याचे अभिजात उदाहरण स्तानिस्लावस्कीच्या आत्मचरित्रात सापडते. १८९० साली जर्मनीतील माइनिंगेन नाटकमंडळी मॉस्कोत आली. तिचा दिग्दर्शक लुडविग क्रोनेक तालमीबाहेर दुय्यम नटांशीही साधेपणाने, बरोबरीने वागे. मात्र घड्याळाचा काटा ठरल्या वेळेवर येताच तो घंटा वाजवी आणि त्या क्षणापासून कठोर शासक होई. स्तानिस्लावस्की त्या वेळी हौशी नटांसमवेतच काम करीत होता. त्याने ही करडी शिस्त उचलली. अननुभवी नटांच्या उणिवा दिग्दर्शकाच्या योजकतेने झाकता येतात, असा लाभही त्याला दिसला. पुढे मात्र त्याने या अनुकरणाची कठोर चिकित्सा केली. आपल्याकडे पाहून तयार झालेल्या अनेक दिग्दर्शकांनी नटाला रंगमंचावरील सामानाच्या पंक्तीला बसविले, अशी खंत त्याने व्यक्त केली आहे. क्रोनेकच्या पद्धतीतील वैगुण्य येथे उघड होते. घंटेपूर्वीचा स्नेह आणि घंटेनंतरचा धाक यांचा परस्परांशी संबंधच नसेल, तर स्नेह हा केवळ शिष्टाचार ठरतो. नट आज्ञा पाळतो. पण स्वतः काही शोधीत नाही.

याउलट, नुसत्या खेळीमेळीवर विसंबणाऱ्या संचाचे काय होते, हे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात दिसते. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. या नाटकातील पात्रे स्वतःच एक हौशी मंडळी आहेत. गावकरी सामंत याला कोर्टाची रीत समजावी म्हणून गंमतीने एक लुटुपुटूचा खटला सुरू होतो आणि बेणारे आरोपी ठरते. या मंडळींत अध्यक्ष आहे, वकील आहे, साक्षीदार आहेत. तालमीची जबाबदारी घेणारा दिग्दर्शक मात्र कोणी नाही. काशीकरांचा अधिकार कलेतून आलेला नाही. तो वयाचा, पैशाचा आणि आश्रित बाळू रोकडेवर चालणाऱ्या हुकमतीचा आहे. त्यामुळे थट्टा कोठे संपली आणि छळ कोठे सुरू झाला, हे सांगण्याचे काम कोणाचेच उरत नाही. अखेरीस सर्वजण ‘हा तर खेळ’ या सबबीमागे लपतात. ज्या मैत्रीला मर्यादा आखून देणारे कोणी नाही, ती सर्वांत दुबळ्या सभासदावर उलटते. दिग्दर्शकाचा अधिकार नाटकापुरता नसून नटाच्या रक्षणासाठीही असतो, हे या अभावातूनच कळते.

‘घाशीराम कोतवाल’चा इतिहास तिसरी शक्यता दाखवितो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे, दोघेही पेशाने डॉक्टर. क्षणात भिंत आणि क्षणात जमाव होणारी नटांची रांग हे त्या प्रयोगाचे मर्म होते. तिच्यात एकाचे पाऊल चुकले तरी सारे दृश्य ढासळावे, अशी ती रचना. एवढी शिस्त केवळ दटावणीने हौशी नटांकडून मिळणे कठीण. येथे शासन करीत होती ती भास्कर चंदावरकरांच्या संगीताची लय आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. दिग्दर्शकही त्याच लयीला बांधलेला होता. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबविले, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली. १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. संस्थेच्या अधिकाराने नाटक थांबले, पण संच मोडला नाही. कारण त्याची निष्ठा पदाशी नसून एकत्र घडविलेल्या कृतीशी होती.

या तीन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष तडजोडीचा नाही. अधिकार आणि स्नेह यांचे अर्धे अर्धे माप घालून समतोल साधत नाही. दिग्दर्शकाची सूचना संहितेच्या आणि प्रयोगाच्या गरजेतून निघाली असेल, तर ती कडक असूनही नटाला अपमानकारक वाटत नाही. ती स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी दिली असेल, तर कितीही मृदू शब्दांत सांगितली तरी बोचते. वेळ पाळणे, पाठांतर आणि सहकलाकाराचा मान हे नियम दिग्दर्शकासह सर्वांना सारखेच लागू असावेत. भूमिकेचा अर्थ शोधताना मात्र नटाचे म्हणणे खऱ्या अर्थाने ऐकले जावे. हौशी नट मानधनासाठी येत नाही. आपल्या सामान्य दिनक्रमापलीकडचे काही आपल्या हातून घडावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्याइतका कठोरपणा आणि तिची थट्टा होऊ न देण्याइतका जिव्हाळा, या दोन्ही गोष्टी तो दिग्दर्शकाकडे हक्काने मागू शकतो.