एका तबकडीतला दिवस

दिवाळीच्या पहाटे प्रत्येक घराचा म्हणून एक आवाज असतो. कुणाकडे आकाशवाणीवरची सनई, कुणाकडे आजोबांची भूपाळी, कुणाकडे नुसतीच फटाक्यांची घाई. मिरजेच्या आमच्या घरात न्हाणीतला बंब पेटला, की पाठोपाठ माजघरातून संतूरचे स्वर येऊ लागत. उटण्याचा वास आणि अहिरभैरव यांची माझ्या मनात तेव्हा जी गाठ बसली, ती आज पासष्टी उलटली तरी सुटलेली नाही.

ती तबकडी म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७ साली निघालेली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. हे वादक एकत्र आणून ती घडवली ग. ना. जोशी यांनी. मराठी रसिकांना ते भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक म्हणून ठाऊक आहेत. ग्रामोफोन कंपनीत बसून त्यांनी इतरांचे किती संगीत जपले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळा धरून सांगायचा, अशी या तबकडीची कल्पना. अहिरभैरव, नटभैरव आणि पिलू एका बाजूला. भूप, देस आणि पहाडी दुसऱ्या बाजूला. सारा दिवस चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो.

धाकट्या काकांनी ती मुंबईहून आणली तेव्हा अण्णांनी कव्हर उलटसुलट करून पाहिले आणि “बरं आहे” म्हणून कपाटात ठेवून दिले. अण्णा रेल्वेत बुकिंग क्लार्क. पण त्यांचे खरे ठिकाण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उरुसात. दर्ग्याच्या आवारात रात्र रात्र बसून त्यांनी गाणे ऐकले होते. किराणा घराण्याचा एकेक स्वर कसा लावावा लागतो, यावर ते तासभर बोलत. त्यांच्या मते गाणे ते कंठाचे; वाद्याने त्याची नक्कल करावी, आणि तीही फार तर सतारीने किंवा सारंगीने. मग इथे तर सगळाच आनंद. संतूर काश्मिरातल्या सुफियाना मौसिकीतले, त्यावर मींड निघत नाही, गिटार परदेशी, आणि बासरीला पन्नालाल घोषांनी प्रतिष्ठा मिळवून दिली असली तरी अण्णांच्या लेखी ती गुराख्याचीच. “सात-आठ मिनिटांत राग उरकणे म्हणजे देवळाला बसमधून नमस्कार करणे,” असे ते म्हणत.

या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. राग विस्तारायला वेळ लागतो आणि या तबकडीत तो नाही. पण अण्णांनी जे उणे म्हणून मांडले, त्यातच तिचे मर्म आहे, असे मला पुढे वाटू लागले. संतूरच्या तारेवर कलमाचा आघात झाला, की स्वर चमकतो आणि लगेच विरू लागतो. त्याला धरून ठेवता येत नाही. गिटारच्या तारेवरून पोलादी कांडी सरकते, ती दोन स्वरांमधली वाट न तुटता चालते. बासरीला श्वास असतो, ती स्वर भरून धरते. म्हणजे एकाला जे साधत नाही ते दुसऱ्याजवळ आहे. इथे तिघे चढाओढ करीत नाहीत, एकमेकांचे उणे भरून काढतात. त्यावेळी तिघेही तिशीच्या आसपासचे. तिघांचीही वाद्ये मैफलीच्या दारात उभी. दारात उभ्या असलेल्या माणसांमध्ये जी समज असते, ती मला या वादनात ऐकू येते.

आणि रागांची निवड तरी किती जाणती! अहिरभैरवातला कोमल रिषभ नटभैरवात शुद्ध होतो, आणि धैवत मात्र कोमल होऊन बसतो. शास्त्रात हा केवळ तीन स्वरांचा पालट. पण कानाला काय वाटते? झुंजुमुंजूचा अंधूक प्रकाश एकदम मोकळा झाला, उन्हे पसरली, आणि तरी पहाटेचा एक गारवा मागे राहिला. पिलूत दुपारची सुस्ती आहे. मिश्र स्वरांचा तो राग झाडाखाली पडलेल्या माणसासारखा ह्या कुशीवरून त्या कुशीवर होतो. भूपाच्या पाच स्वरांत संध्याकाळ सरळ, नितळ होते. देसातले दोन निषाद रात्रीची हुरहुर आणतात. आणि शेवटी पहाडी, जिथे शास्त्र आपली पगडी उतरवून लोकगीताशेजारी बसते.

हे सारे मला पुढे कळले. पण या तबकडीचे खरे रसग्रहण मी एका दुपारी पाहिले, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ताप आला म्हणून शाळेतून लवकर घरी आलो. दार नुसते लोटलेले होते. माजघरात तबकडी फिरत होती, पिलू चालला होता, आणि आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिचे हात मांडीवर नुसते पडून होते. मी तोवर आईचे हात रिकामे पाहिलेच नव्हते. गप्पा मारतानाही ती गवार मोडी, तांदूळ निवडी, नाहीतर वाती वळी. मला पाहताच ती दचकून उठली. “अण्णांना सांगू नकोस हं,” ती म्हणाली, “सुई झिजते म्हणतील.”

आमच्या घरी बैठका पुष्कळ झाल्या. गावातले गाणारे येत, सतारमेकर गल्लीतले तंबोरा जुळवणारे येत. आई प्रत्येक बैठकीला हजर असे, पण स्वयंपाकघरात. तिने ऐकलेल्या प्रत्येक ख्यालात चहाचे आधण होते. विलंबित चालू असताना किती कप, हे तिला दारातून खुणेने विचारावे लागे. गाण्यातले तिला काय आवडते, हे कुणी विचारले नाही; मीही नाही. या तबकडीच्या बैठकीत मात्र कुणाला चहा नको होता. समेवर मान हलवण्याची सक्ती नव्हती. ऐकायला काही यावे लागते, असा धाक नव्हता. पहिली बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागे. ती बरोबर दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये उलटते. आईचीही उठायची वेळ तीच असे.

एकदा मी तिला विचारले, “तुला यात काय आवडतं गं?” ती जरा विचार करून म्हणाली, “यात कुणी कुणाला हाक मारत नाही.” गंमत अशी, की तबकडीच्या नावातच हाक आहे! पण तिचे बोलणे खरे होते. चाळीस मिनिटे तिला कुणी हाक मारीत नव्हते.

दोष सांगायचे तर सांगतो. ह्या मेंढपाळाचे पाय कधी दुखत नाहीत, त्याच्या वाटेवर बर्फ पडत नाही. हे खोरे सहलीला गेलेल्याचे आहे. १९९० नंतर त्या खोऱ्यातून ज्या बातम्या येत राहिल्या, त्या वाचून मला कित्येक दिवस पहाडी ऐकवत नव्हता. ते सुख खोटे वाटे. मग ध्यानात आले, की आईची दुपारही अशीच चाळीस मिनिटांची होती. तिच्या दोन्ही बाजूंना कष्टच होते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

आई २००३ साली गेली. त्या दिवाळीला पहाटे अण्णांनी स्वतः तबकडी लावली. अहिरभैरव स्वच्छ वाजला, नटभैरव स्वच्छ वाजला, आणि पिलूत खरखर सुरू झाली. “इथंच कशी झिजली?” अण्णांनी विचारले. तीस वर्षे जपलेले गुपित मी सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. तबकडी संपल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आतापर्यंत कधीही न केलेली गोष्ट केली: उठून आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. तो फार गोड झाला होता.

२०१८ मध्ये काबरा गेले; १० मे २०२२ रोजी शिवकुमार शर्मा गेले. अण्णाही आता नाहीत. माझ्याकडे याच तबकडीची सीडी आहे, तिचा आवाज अगदी निर्मळ आहे, आणि पिलू आला की माझा कान त्या खरखरीची वाट पाहतो.

यंदाच्या दिवाळीत फराळाची ताटे बाजूला सारून ही तबकडी घरी जरूर लावा. घरातल्या सगळ्यांनी बसावे. चहा मात्र आधी होऊन जाऊ द्या, आणि रोज जी करते तिने तो करू नये.