धाडसाचे गुण

2017 साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'मध्ये राजस्थानच्या श्याम रंगीलाने नरेंद्र मोदींची नक्कल केली. चित्रीकरण झालं, स्टार प्लसवर ती दाखवली मात्र गेली नाही. चित्रफीत फोनाफोनांवर फिरली. माझ्या कानावर आलेल्या प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या होत्या: केवढी ही हिंमत, किंवा पंतप्रधानपदाची ही थट्टा कशाला?

मला खटकतं ते हे, की दोन्हींत नक्कल कुठेच नाही. शब्द लांबवण्याची लकब, मधले थांबे, आवाजाचा चढउतार ही रंगीलाची खरी कारागिरी. त्याचा विनोद मतापेक्षा आवाजात आहे. मोदींचे चाहतेही त्यावर मोकळेपणी हसू शकले असते.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करत. निकाल जागेवर लागे: जमली तर हशा, फसली तर शांतता. राजाची टर उडवण्याचा हक्क सोंगाड्याचा, आणि सोंगाड्याला पाडण्याचा हक्क प्रेक्षकाचा.

कात्री लागली की हा दुसरा हक्कही जातो. वगळलेल्या विनोदाला बेताचा म्हणावं, तर सत्तेची तळी उचलल्यासारखं वाटतं. मग कलावंताला धाडसाचे गुण मिळतात, विनोदाचे राहून जातात. मला रंगीलाची नक्कल आवडते. पण ती ठरल्या वेळी, जाहिरातींच्या मध्ये, घरातल्या सगळ्यांनी बघितली असती, तर माझ्या या आवडीला काही किंमत आली असती.