प्रकाशनाची स्वयंचलित पायरी : मोबाइल कोड-लायब्ररींच्या संदर्भात एक चिकित्सा

‘प्रकाशन’ ही संज्ञा मराठीत ग्रंथव्यवहारातून रूढ झाली. 1867 च्या अधिनियमाने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि स्थळे छापणे बंधनकारक केले होते. त्यामागे परकीय सरकारची पाळत होती हे खरे. तथापि मजकुराला उत्तरदायी कोण, हे त्या एका ओळीने वाचकालाही कळत असे. 2023 च्या नव्या कायद्याने, 1 मार्च 2024 पासून, तो अधिनियम रद्द झाला आणि पुस्तके या कक्षेबाहेर गेली. मोबाइल ॲपसाठी लिहिलेल्या कोड-लायब्ररींच्या, म्हणजे अनेक ॲप्सना वापरता येणाऱ्या तयार कोडसंचांच्या, व्यवहारात मात्र तशीच ओळ आजही मागितली जाते.

अँड्रॉइडच्या लायब्ररी ज्या ‘मेव्हन सेंट्रल’ या भांडारात ठेवल्या जातात, तेथे परवाना, विकसकाचे नाव, मूळ कोडचा पत्ता आणि डिजिटल स्वाक्षरी यांवाचून संच स्वीकारला जात नाही. एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता अथवा काढून घेता येत नाही. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येते. येथे नवी आवृत्ती काढणे एवढाच उपाय उरतो आणि जुनी सदोष प्रत भांडारात तशीच राहते. जुळे सोलापुरातील एखाद्या विद्यार्थ्याने घरी बसून लिहिलेली लायब्ररीही याच नियमाने जगापुढे जाते.

ही सर्व कामे हाताने करणे कंटाळवाणे व चुकांना वाव देणारे असल्याने ती स्क्रिप्टकडे सोपविली जातात, आणि ते योग्यच आहे. स्वाक्षरी विसरणे, चुकीचा आवृत्तिक्रमांक देणे, स्वतःच्या संगणकावरील भलत्याच फाइली संचात जाणे हे दोष यंत्र टाळते. आक्षेप आहे तो शेवटच्या पायरीबाबत. मेव्हन सेंट्रलच्या सध्याच्या व्यवस्थेत दोन पर्याय आहेत : तपासणीनंतर संच थांबतो आणि माणसाने संमती दिल्यावर प्रसिद्ध होतो, किंवा तपासणी उत्तीर्ण होताच आपोआप प्रसिद्ध होतो. दुसरा पर्याय निवडणारा विकसक संमतीचे ते बटण निव्वळ अडथळा मानतो. वस्तुतः संपूर्ण प्रक्रियेत निर्णय म्हणावा असा तेवढाच एक क्षण आहे. यंत्रमागाच्या या शहरात हे वेगळे सांगायला नको : ताण्याचा धागा तुटला तरी माग चालू राहिला, तर दोष वारभर पुढे विणला जातो.

एनपीएम या भांडारात सप्टेंबर 2025 मध्ये याचे टोकाचे रूप दिसले. ‘शाई-हुलुद’ नावाच्या, स्वतःच्या प्रती काढणाऱ्या घातक कोडने विकसकांच्या प्रकाशनाच्या किल्ल्या चोरल्या आणि त्या वापरून त्यांच्याच नावे दूषित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. पाचशेहून अधिक संच बाधित झाले. प्रकाशकाचे नाव जागच्या जागी होते; प्रकाशक मात्र तेथे नव्हता.

मराठीच्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा मुक्तपरवान्याचा देवनागरी फॉन्ट मोबाइल ॲपमध्ये वापरण्यासाठी एनपीएमवर संचरूपाने मिळतो. गूगल फॉन्ट्समधील फॉन्टांचे असे संच एक्स्पो या प्रणालीसाठी स्क्रिप्टद्वारे तयार होतात. यामुळे मराठी अक्षर विनासायास ॲपपर्यंत पोहोचले, हे श्रेय नाकारता येणार नाही. मुक्तामध्ये दोष आहे असेही येथे सुचवावयाचे नाही. परंतु फाइल आहे काय, नाव जुळते काय, एवढेच विचारणाऱ्या चाचणीला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद कळत नाही. एका शब्दात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. आणि हा भेद दाखविणारा अर्धा ‘र’ मराठीचे खास चिन्ह आहे. ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणांचेही तेच. ती चुकली तरी चाचणी उत्तीर्णच होते.

हे दोन शब्द चाचणीत घालून त्यांची पडद्यावरील प्रतिमा मान्य नमुन्याशी ताडून पाहणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण तो नमुना प्रथम मान्य करणारा मराठी वाचक लागतो. गिटहबच्या स्वयंचलित व्यवस्थेत प्रकाशनापूर्वी नेमलेल्या व्यक्तीची संमती आवश्यक ठरविता येते. देवनागरी संचांच्या बाबतीत ती व्यक्ती मराठी वाचणारी असावी, ही अपेक्षा संगणकशास्त्राच्या विभागाइतकीच मराठी विभागाकडूनही करावी लागेल.