गिटारवादकाचा हात, पाठ आणि पोट

वाद्य शिकविणाऱ्या पुस्तकाची परीक्षा करताना आपण सहसा एवढेच विचारतो की, यावरून मूल किती लवकर वाजवू लागेल? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. तेच मूल पन्नाशीतही दुखण्याविना, आनंदाने वाजवीत असेल काय, असे विचारावयास हवे. या कसोटीवर एक जुना ग्रंथ पुन्हा वाचण्याजोगा आहे. तो म्हणजे स्पॅनिश वादक फेर्नांदो सोर याने १८३० साली पॅरिस येथे प्रसिद्ध केलेली गिटारपद्धती.

सोर १७७८ साली बार्सिलोना येथे जन्मला. बालपणी मोंसेरातच्या बेनेडिक्टाइन मठाच्या गायनशाळेत त्याचे शिक्षण झाले. गायनवृंदात चार आवाज एकमेकांना सांभाळून कसे चालतात, हे तो तेथे शिकला. पुढे गिटार हाती घेतल्यावरही त्याला बोटांच्या कसरतीपेक्षा स्वरांची संगत महत्त्वाची वाटली. म्हणूनच त्याच्या ग्रंथात जलद सरावाचे पाठ थोडे आणि कारणमीमांसा फार आहे. तिस्र आणि षष्ठ या स्वरांतरांवर त्याने डाव्या हाताची सारी मांडणी उभी केली आहे. विद्यार्थ्याने आज्ञा पाळण्याऐवजी कारण समजून घ्यावे, ही त्याची अपेक्षा आहे.

शरीराविषयीचे त्याचे विवेचन आजही ताजे वाटते. पियानोवादक वाद्याच्या मध्यभागी बसतो, त्यामुळे दोन्ही टोके त्याच्या हातांना सारखीच जवळ पडतात. हाच न्याय लावून सोर म्हणतो की, गिटारचा बारावा फ्रेट, म्हणजे तारेचा मध्य, वादकाच्या शरीरासमोर यावा. वाद्याचा भार डाव्या हातावर पडू नये, म्हणून तो गिटार टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवीत असे. डावा अंगठा मानेच्या मागे राहावा, वर डोकावू नये, हाही त्याचा आग्रह होता. त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो याने तर वाद्य पेलण्यासाठी एक खास तिपाई तयार केली होती. हाताने वाजवावे, ओझे वाहू नये, हा विचार दोघांच्याही मुळाशी होता.

ग्रंथात उणिवाही आहेत. उजव्या हाताच्या अनामिकेला सोर फार जपून वापरतो. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवरच त्याची भिस्त आहे. बोटांच्या लांबीवरून काढलेले त्याचे तर्क त्या काळच्या लहान गिटारला साजेसे असले, तरी आजच्या वादकाला तेवढ्यावर थांबता येणार नाही. विवेचनही अनेक ठिकाणी लांबते आणि नवशिक्याला दमवते.

परंतु या उणिवांहून मोठी हानी पुढील पिढ्यांनी केली, असे आम्हांस वाटते. १९४५ साली आंद्रेस सेगोव्हिया याने सोरच्या वीस अभ्यासरचना निवडून स्वतःच्या बोटयोजनेसह प्रसिद्ध केल्या. निवड उत्तम होती. या रचना जगभर वाजू लागल्या, त्याचे श्रेय तिला आहे. पण रचना घरोघरी पोहोचल्या आणि त्यांमागील पद्धती मात्र बहुतेकांपर्यंत पोहोचली नाही. आपल्याकडे वसई, वांद्रे, गोवे येथील मुले लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षांना बसतात, तेव्हाही हेच घडते. पुस्तकात सोरची रचना असते, पण बसावे कसे व थांबावे केव्हा, हे सारे शिक्षकाच्या शहाणपणावर सोडलेले असते.

याची किंमत कोणती, ते अमेरिकन वादक डेव्हिड लाइस्नर याच्या अनुभवावरून कळते. १९८० च्या दशकात त्याला उजव्या हाताचा फोकल डिस्टोनिया जडला. या विकारात पुष्कळदा वेदना नसते. वाजवू लागताच बोट मात्र आपोआप आत वळते, मन सांगते ते हात ऐकत नाही. व्यावसायिक वादकांपैकी सुमारे १ टक्का या विकाराने ग्रस्त होतात, असे सांगितले जाते. लाइस्नरची मैफलींची वाटचाल अनेक वर्षे खंडित झाली. बोटांच्या लहान स्नायूंवरचा ताण काढून खांदा व दंड यांच्या मोठ्या स्नायूंना कामाला लावीत तो हळूहळू परतला. हा अनुभव त्याने २०१८ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याचे पुस्तक आणि सोरचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर दोघांमधले जवळपास दोन शतकांचे अंतर फारसे जाणवत नाही. वाद्य वाजते ते सबंध शरीराने, ही दोघांची शिकवण आहे.

राहिला चरितार्थ. त्याविषयी सोरच्या ग्रंथात प्रकरण नाही, ते त्याच्या आयुष्यातच वाचावे लागते. १८१३ साली त्याला स्पेन सोडावा लागला. पुढे लंडनमध्ये त्याने गायन शिकविले, गीते लिहिली, नृत्यनाट्यांना संगीत दिले. त्याचे ‘सिंड्रेला’ हे नृत्यनाट्य १८२५ साली मॉस्कोच्या बोल्शोय रंगमंदिराच्या उद्घाटनाला सादर झाले. उतारवयात पॅरिसमध्ये तो शिकवण्या करी आणि हौशी शिष्यांसाठी सोप्या रचना लिही. एवढा थोर वादक केवळ मैफलींवर जगला नाही. गिटारवरच आयुष्य काढू पाहणाऱ्या आपल्या तरुणांना हे वेळीच सांगितले पाहिजे. स्वरलेखन वाचणे, गायनाला साथ करणे, लहानांना शिकविणे या गोष्टी दुय्यम नसून त्याच पुढे पोटाला आधार देतात.

तेव्हा पालकांनी शिक्षकाची निवड करताना काही साधे प्रश्न विचारावेत. मूल बसते कसे, याकडे शिक्षक पाहतात काय? हात दुखतो म्हटल्यावर ते ‘अजून सराव कर’ म्हणतात की वाजविणे थांबवून कारण शोधतात? परीक्षेच्या तीन-चार तुकड्यांपलीकडे ते वाचन व साथ शिकवितात काय? पुढची ग्रेड एक वर्ष उशिरा आली म्हणून मुलाचे काही बिघडत नाही. दुखावलेला हात बरा व्हायला मात्र अनेक वर्षे लागू शकतात, आणि कित्येकदा तो पूर्वीसारखा होतही नाही.