योगिक उड्डाण आणि पृष्ठभागाची कसोटी

‘उडणे’ हे मराठी क्रियापद दोन भिन्न व्यापारांचा भार वाहते. पाखरू उडते, तसा आपटलेला चेंडूही उडतो. ‘उडी’ आणि ‘उड्डाण’ ही नामे तर एकाच धातूपासून निघालेली आहेत. महर्षी महेश योगी यांनी प्रसृत केलेल्या ‘योगिक उड्डाणा’च्या चर्चेत हा भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. उसळी, अधांतरी स्थिती आणि स्वैर संचार अशा त्याच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. १९८६ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या जाहीर प्रदर्शनात पाहणारांना दिसली ती पहिलीच; साधक पद्मासनात बसून फोमच्या गाद्यांवर उसळत होते.

यावर टीकाकार म्हणतात, ‘कसरतपटूही हे करील’. समर्थक म्हणतात, ‘आमच्या क्रियेत आयास नाही’. आमच्या मते दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. बाह्य साम्यावरून कारणाचे ऐक्य सिद्ध होत नाही, आणि अनायासतेचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, कारणाचा पुरावा ठरत नाही. निर्णायक प्रश्न खालच्या पृष्ठभागाचा आहे.

क्रीडाविज्ञानाने या प्रश्नाचा कसून विचार केला आहे. फेरिस आणि फार्ली यांनी १९९७ मध्ये दाखविले की, पृष्ठभाग मऊ झाला की उसळणारा मनुष्य आपले पाय अधिक ताठ करून त्याची भरपाई करतो. वाळूवर धावण्यास कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, कारण वाळू घेतलेली ऊर्जा परत करीत नाही. सारांश, उडीत भूमी ही सहकर्ती असते.

तेव्हा एकाच साधकाने गादी, लाकडी फरशी आणि वाळू यांवर तीच क्रिया करावी. पृष्ठभागागणिक उंची अथवा श्रम बदलले, तर ती उडीच होय. दुसरी कसोटी कालाची. ३० सेंटिमीटर उसळलेला देह, आसन न बदलता, सुमारे अर्ध्या सेकंदात खाली आलाच पाहिजे. त्याहून अधिक काळ तो वर राहिला, तरच नव्या कारणाचा शोध घ्यावा लागेल.

ही कसोटी परंपरेला परकी नाही, हे विशेष. पतंजलीच्या विभूतिपादातील आकाशगमनाचे विवरण करताना व्यासभाष्य एक क्रम देते: प्रथम पाण्यावर, मग कोळ्याच्या तंतूवर, मग किरणांवर आणि शेवटी आकाशात यथेच्छ संचार. येथे आधार पायरीपायरीने क्षीण होत जातो. आधारनिरपेक्षता हेच सिद्धीचे लक्षण मानले आहे. शिवसंहिता तर प्राणायामाच्या ओघात बेडकासारख्या गतीची अवस्था गगनसंचाराहून वेगळी आणि आधीची म्हणून सांगते. जुन्या ग्रंथकारांनी जपलेला हा भेद आपण एका संदिग्ध शब्दापायी गमावू नये. गादीचा उल्लेख गाळून केलेली तुलना, मग ती समर्थकाची असो वा टीकाकाराची, अपुरीच राहील.