डॉ. स्टेन कोनो आणि उत्तर कोंकणची बोली : एक परीक्षण

ग्रियर्सनसाहेबांच्या देखरेखीखालीं झालेल्या हिंदुस्थानच्या भाषा-पाहणीचा सातवा खंड कलकत्त्यास १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. तो सबंध मराठीस वाहिलेला असून त्याचे कर्ते डॉ. स्टेन कोनो (१८६७-१९४८) हे नॉर्वेचे. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आतां कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, आगरी, कोळी, वारली, कातकरी या बोलींची गोष्ट निघाली म्हणजे आजहि या खंडाकडे बोट दाखविलें जातें, परंतु तो तपासून पाहणारे विरळा. ठाणें, कल्याण व डोंबिवली हा ज्यांचा नित्याचा टापू, त्यांनीं तरी तो तपासावयास पाहिजे.

प्रथम कोनो ज्या परंपरेंतले, तिचा विचार करूं. स्कँडिनेव्हियांतील देश लहान. तथापि तेथील विद्या लहान नव्हे. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनें १८११ त आइसलँडी भाषेचें व्याकरण लिहिलें, १८२० त तो मुंबईस येऊन पारशी मंडळींत मिसळला, १८२३ त पोथ्या घेऊन कोपनहेगनास परतला आणि १८२६ त अवेस्ताची भाषा ही संस्कृतची लेक नसून बहीण आहे हें त्यानें प्रतिपादिलें. त्यानेंच नेलेल्या पाली पोथ्यांचा फाउसबॉलला १८५५ च्या धम्मपदाच्या आवृत्तीस उपयोग झाला. बर्गन येथें जन्मलेल्या लासेननें बॉन येथें राहून १८३७ त प्राकृताचें व्याकरण सिद्ध केलें. सोरेन्सेनची महाभारतांतील नामांची सूचि १९०४ पासून १९२५ पर्यंत, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर, छापून पुरी झाली. एकानें हातीं घेतलेलें काम दुसऱ्यानें तडीस न्यावें, ही या मंडळींची रीत दिसते. आपल्या पोथ्या समुद्रापार गेल्या याचें वाईट वाटतें. परंतु कोपनहेगनच्या अवेस्ता-पेहलवी पोथ्यांच्या हुबेहूब प्रती १९३१ ते १९४४ च्या दरम्यान छापून जगास खुल्या झाल्या, हेंहि सांगितलें पाहिजे. कल्याणच्या एका वाड्यांतील दप्तर रद्दीच्या भावानें गेलेलें प्रस्तुत लेखकानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. दोहोंपैकीं कोणतें दुःख मोठें, हें संग्राहकांनींच ठरवावें.

कोनो यांचा पल्ला याच जातीचा. जर्मनींत सामविधानब्राह्मणावर प्रबंध. भाषा-पाहणींत मराठीखेरीज मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड (१९०६). १९०६ ते १९०८ हिंदुस्थान सरकारच्या शिलालेखखात्याचें काम. १९२९ त खरोष्ठी लेखांचा संग्रह. एवढा विस्तार पाहून सहज शंका येते कीं, इतक्या घरचा पाहुणा कोणत्या घरीं जेवला? तिचें निरसन त्यांच्या दोन ग्रंथांवरून करूं.

पहिला ग्रंथ राजशेखराच्या कर्पूरमंजरीची आवृत्ति (हार्वर्ड, १९०१). प्राकृत व्याकरणकारांचा दंडक असा कीं, नाटकांतील गद्य शौरसेनींत व पद्य महाराष्ट्रींत असावें. पोथ्यांत मात्र दोहोंची सरमिसळ आढळते. कोनो यांनीं व्याकरणकारांस प्रमाण मानून पाठ शुद्ध केला. पोथ्यांची साक्ष टीपांत गेली. पुढें मनमोहन घोष यांनीं कलकत्त्याहून निराळी आवृत्ति काढून हा भेदच राजशेखरास संमत होता कीं काय, असा प्रश्न उभा केला. आमच्या मतें येथें घोष यांची बाजू बळकट आहे. लेखकाचा प्रमाद आणि कवीचा प्रयोग यांतील निवाडा पोथीगणिक करावयाचा असतो. सूत्र हातीं घेऊन तो एकदम करतां येत नाहीं. तथापि ज्यांवरून घोष यांना शंका घेतां आली, ते पाठभेद कोनो यांनीं दडविले नाहींत. संपादकाचा प्रामाणिकपणा तो हाच.

दुसरा ग्रंथ हा मराठीचा खंड. येथें तेच कोनो उलट वाटेनें जातात. कोंकणांतील बोलींस जातींचीं नांवें लागलेलीं. त्यांचे नमुने समोर ठेवून त्यांनीं निर्णय दिला कीं, नांवें पुष्कळ असलीं तरी उत्तर कोंकणची बोली बहुतांशीं एकच असून देशावरील मराठीशीं तिचें नातें निकटचें आहे. ‘ण’ चा ‘न’, ‘ळ’ चा ‘ल’, ‘ड’ चा ‘र’ हे विशेष जातीचे नव्हेत, प्रांताचे होत. पाणी हें ‘पानी’, डोळा हा ‘डोला’, घोडा हा ‘घोरा’ : ज्यानें उल्हास नदीच्या कांठच्या गांवांत चार दिवस काढले त्यास याची खूण पटेल. हा निर्णय आम्हांस मान्य आहे. परंतु मग प्रकरणांस जातींचींच मथळे कां राहिलीं? नांव जातीचें आणि लक्षण भूगोलाचें, हा घोटाळा निर्णयानें मिटविला व मथळ्यांनीं पुनः चालू केला.

याहून मोठा दोष सामग्रीचा. नमुने स्थानिक अधिकाऱ्यांकडून लिहून आलेले. कोनो स्वतः शिलालेखखात्यावर आले ते खंड प्रसिद्ध झाल्यावर. मुख्य नमुना ठरीव, बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट. एकच गोष्ट सर्व बोलींत असल्यानें तुलना सोपी होते, हा तिचा गुण खरा. परंतु त्या गोष्टींत डुकरें आहेत, मेजवानी आहे. राब नाहीं, आवण नाहीं, खाजण नाहीं, डोल नाहीं. आगरावरून ज्यांचें नांव पडलें त्या आगऱ्यांच्या तोंडीं मिठाची एक ओळ नसावी! स्वीडनच्या लिनेयसनें १७५३ त वनस्पतींस दोन-दोन नांवें देऊन वर्ग लाविले; तीच शिस्त येथें बोलींस लागली. पण वहींत वाळविलेल्या पानावरून कुळ कळतें, झाडाची सावली कळत नाहीं.

येथें दोष केवळ परदेशस्थाच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. प्रस्तुत लेखकानें तीसांवर वर्षें याच प्रांतांत संस्कृत व मराठी शिकविलें. खाडीकांठच्या गांवांतलीं मुलें वर्गांत ‘पानी’ म्हणत, आणि आम्ही त्यांजकडून ‘पाणी’ दहा वेळां घोटवून घेत असूं. पाणिनीच्या शिष्यास तें कर्तव्य वाटे. जो ध्वनि कोनो यांनीं टिपून ठेवला, तो आम्ही खडूनें पुसला. त्या मुलांचीं मुलें आज डोंबिवलीच्या इमारतींत वाढत आहेत. आजीचें बोलणें त्यांना कळतें, बोलतां येत नाहीं.

ज्या वर्षांत कोनो हे नमुने चाळीत होते, त्याच वर्षांत ठाण्यास विनायक लक्ष्मण भावे जुन्या कवींच्या पोथ्या मिळवून छापीत होते. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें. म्हणजे लिखित मराठीस येथें आश्रय होता. बोलल्या मराठीस तो नव्हता. पुढें डॉ. घाटगे यांनीं ठाण्याच्या वारली बोलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व अलीकडे डेक्कन कॉलेजानें बोलींचें प्रतिमांकन हातीं घेतलें, हें समाधानाचें. परंतु हें काम एकट्या पुण्याचें नव्हे.

म्हणून सूचना इतकीच. पोथीच्या शोधार्थ संग्राहक ज्या घरीं जातो, त्या घरींच बहुधा सत्तरी ओलांडलेली एखादी माउली असते. पोथीचीं पानें मोजून झाल्यावर तिच्याकडून भातलावणीचे चार शब्द, एक ओवी, एक शिवी देखील, ध्वनिमुद्रित करून गांवाच्या व तिथीच्या नोंदीसह ठेवावी. ‘ण’ चा ‘न’ ऐकूं आल्यास तो सुधारूं नये. कर्पूरमंजरींत कोनो यांचें जें चुकलें आणि मराठीच्या खंडांत जें साधलें, त्या दोहोंचा बोध हाच : साक्षीदार काय म्हणतो तें आधीं लिहून घ्यावें, व्याकरण मागाहून.