‘नियंत्रण’ हा शब्द आराखड्यात लिहिण्याआधी

संशोधन समितीपुढे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझं गृहीतक एका ओळीचं होतं: ‘सुरक्षेची कामं खासगी कंपन्यांना दिली की नागरी नियंत्रण कमी होतं.’ एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालेलं, त्यामुळे तक्ते आणि आलेख भरपूर होते. समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, “नियंत्रण कमी झालं हे कशावरून ओळखणार? आणि वाढलं असतं तर काय वेगळं दिसलं असतं?” मला उत्तर देता आलं नाही. आराखडा परत आला आणि सहा महिने गेले.

चूक माझीच होती. पण ती करायला तीन नावाजलेल्या पुस्तकांचा हातभार लागला. लष्कर आणि नागरी सत्ता यांच्या संबंधांवर पीएचडी करायची म्हटली की ही तीन पुस्तकं तुमच्याही हातात पडणारच. म्हणून ती वाचताना काय तपासायचं, ते आज सांगते.

पहिलं, सॅम्युअल हंटिंग्टन यांचं ‘द सोल्जर अँड द स्टेट’, १९५७ सालचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या व्यवसायाचं स्वतंत्र क्षेत्र द्या, ते राजकारणापासून दूर राहतील. याला ते वस्तुनिष्ठ नियंत्रण म्हणतात. ऐकायला छान आहे. पण व्यावसायिक सैनिक कोण? जो नागरी सत्तेचं ऐकतो तो. आणि नाही ऐकलं तर? मग तो पुरेसा व्यावसायिक नव्हता! व्याख्येतच निष्कर्ष असेल तर कुठलाही पुरावा सिद्धांताला हात लावू शकत नाही. हा आक्षेप माझा नाही, जुनाच आहे. पण लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण तो उतरवून घेतो आणि पुढच्या पुस्तकांना तोच प्रश्न विचारायला विसरतो.

दुसरं, पीटर फीव्हर यांचं ‘आर्म्ड सर्व्हंट्स’ (२००३). इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला बरं वाटतं. काम सांगणारा नागरी नेता, काम करणारा सैनिक. सैनिक सांगितल्याप्रमाणे काम करेल की अंग चोरेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: त्याच्यावर लक्ष ठेवायला किती खर्च येतो, आणि पकडलं गेल्यास शिक्षा होईल असं त्याला किती वाटतं. हे मॉडेल चुकीचं ठरू शकतं, आणि हीच त्याची ताकद.

तिसरं, डेबोरा अॅव्हंट यांचं ‘द मार्केट फॉर फोर्स’ (२००५). खासगीकरणाने नियंत्रण वाढतं की घटतं, हा प्रश्न त्या तीन भागांत फोडतात. काम परिणामकारक होतं का? निर्णय कोणाच्या हातात जातो? आणि बळाचा वापर समाजाच्या मूल्यांच्या चौकटीत राहतो का? समर्थ राज्यं खासगीकरणाचे धोके जास्त चांगले सांभाळू शकतात, असं त्यांचं म्हणणं आहे. तिघांत हे पुस्तक मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, आणि माझी तक्रारही याच्याशीच जास्त आहे.

तक्रार समजायला एक प्रकरण घेऊ. २००३-०४, बगदादजवळचा अबू ग्रैब तुरुंग. कैद्यांच्या छळाची छायाचित्रं एप्रिल २००४ मध्ये जगासमोर आली. तिथे अमेरिकी सैनिकांच्या बरोबरीने सीएसीआय या खासगी कंपनीचे चौकशीकारही काम करत होते. ते कुठल्या करारावर आले होते? माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या! आणि हा करार संरक्षण खात्याच्या वतीने अंतर्गत खातं सांभाळत होतं, अॅरिझोनातल्या फोर्ट हुआचुका इथल्या कार्यालयातून. अमेरिकेचं अंतर्गत खातं म्हणजे आपल्यासारखं गृहखातं नव्हे, ते मुख्यतः सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं बघतं.

लष्कराच्याच २००४ च्या चौकशी अहवालात नोंद आहे की करारावर देखरेख करणारा सरकारी प्रतिनिधी तुरुंगात हजर नव्हता, आणि कामाचं वर्णन लिहिण्यात कंपनीच्या माणसाचाही सहभाग होता. आपल्याकडे बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तक असतं. अभियंत्याने जागेवर जाऊन मोजायचं, नोंद करायची, सही करायची, मगच बिल निघतं. कामाचं अंदाजपत्रक ठेकेदारानेही मिळून लिहिलं आणि मोजायला जागेवर कोणीच आलं नाही, तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता संख्याशास्त्राचा चष्मा लावा. एकच तुरुंग, तेच महिने, आणि काम करणारे दोन प्रकारचे: गणवेशातले आणि करारावरचे. इतकी जवळची तुलना क्वचितच मिळते. गणवेशातल्या ११ जणांवर गुन्हे सिद्ध झाले, सर्वात मोठी शिक्षा १० वर्षांची. करारावरच्या चौकशीकारांपैकी एकावरही फौजदारी खटला झाला नाही. कंपनीवर इराकी कैद्यांनी २००८ मध्ये दिवाणी दावा लावला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्युरीने तिघांना मिळून ४.२ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. म्हणजे कंपनीला दंड ठोठावला गेला तो काम सांगणाऱ्याच्या पुढाकाराने नाही, ज्यांनी सोसलं त्यांच्या दाव्यामुळे. फीव्हर यांच्या मॉडेलमध्ये या तिसऱ्या माणसाला जागाच नाही. त्यांचं पुस्तक सैन्याबद्दल आहे, त्यामुळे दोष त्यांचा नाही. ते मॉडेल उचलून जसंच्या तसं ठेक्यांना लावणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे.

इथे ‘बघा, माझं गृहीतक सिद्ध झालं’ असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण शिक्षा झालेले ते ११ जण खालच्या हुद्द्यांवरचे होते. ज्या एकमेव अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, तो कैद्यांच्या छळाच्या आरोपांतून सुटला. मग गणवेशावर ‘नियंत्रण’ होतं म्हणायचं का? दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटरच्या रक्षकांच्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. तिथे खटला झाला, २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी चौघांनाही माफी दिली. शिक्षेची यंत्रणा चालली, आणि काम सांगणाऱ्यानेच ती पुसून टाकली. नागरी नेत्याचा शब्द अंतिम, म्हणजे हंटिंग्टनच्या अर्थाने हे पूर्ण नागरी नियंत्रणच झालं! शब्द किती पोकळ आहे ते इथे कळतं.

आता अॅव्हंट यांच्याकडे वळू. अबू ग्रैब त्यांच्या तीन भागांत टाका. रिकाम्या जागा पटकन भरल्या, म्हणून परिणामकारकता वाढली? की चौकशीच बिघडली, म्हणून घटली? तुम्ही आणि मी दोघी प्रामाणिकपणे वेगवेगळे गुण देऊ शकतो. पण माझा मोठा आक्षेप एककाबद्दल आहे. त्या राज्यांची तुलना करतात: हे समर्थ, ते दुबळं. अमेरिका अर्थातच समर्थ. पण त्या तुरुंगात या समर्थ राज्याची क्षमता म्हणजे होती एक गैरहजर प्रतिनिधी. त्याच राज्याच्या दुसऱ्या करारावर कदाचित चोख देखरेख असेल. हा फरक राज्याला एकक धरलं की सरासरीत बुडून जातो. म्हणून माझं मत असं: या विषयात एकक करार असायला हवा. कामाचं वर्णन कोणी लिहिलं, जागेवर कोण होतं, बिलावर सही कोणाची, आणि पैसे थांबवायचा अधिकार कोणाकडे, हे चार प्रश्न कुठल्याही कराराला विचारता येतात आणि उत्तरं कागदावर शोधता येतात.

माझं गृहीतक आता असं आहे: ‘देखरेख करणारा प्रतिनिधी कामाच्या जागी हजर असेल, तर गैरप्रकाराची नोंद सरकारकडून आधी होते, बाहेरून नंतर.’ आधीच्या ओळीइतकं ते भारदस्त वाटत नाही. पण हे खोटं ठरू शकतं, आणि मॅडमच्या दोन्ही प्रश्नांना त्यात उत्तर आहे.

एक अडचण मात्र उरतेच, आणि व्हायवाला ती विचारली जाणार. ज्या करारांचे कागद आपल्याला वाचायला मिळतात, ते बहुतेक बोभाटा झालेले असतात. अबू ग्रैबचा करार आपल्याला माहीत आहे, कारण छायाचित्रं बाहेर आली. जिथे कोणी कॅमेरा काढला नाही, तिथले करार माझ्या नमुन्यात नाहीत. सध्या मी लेखापरीक्षणासाठी निवडलेले, बोभाटा न झालेले करार जमवतेय. तुमचा आराखडा लिहायला बसाल, तेव्हा ‘नियंत्रण’, ‘उत्तरदायित्व’, ‘पारदर्शकता’ यांतला प्रत्येक शब्द खाली अधोरेखित करा आणि शेजारी लिहा: हे नसतं तर काय वेगळं दिसलं असतं? समोर कोरी जागा राहिली, तर समितीपुढे जाण्याआधी थांबा. माझे सहा महिने गेले, तुमचे वाचवा.